पंचवीस भागिले दोन

घणसोली, सेक्टर नऊ, पहिला मजला.
खाली टाइल्सचं दुकान, वर माझा क्लास.
अकरा खुर्च्या, सात कॉम्प्युटर,
त्यातला एक मनात आलं तर चालतो.

आज फळ्यावर चिन्हं काढली.
बेरजेचं काही समजावावं लागत नाही.
वजाबाकी म्हणजे आडवी रेघ, तीही सगळ्यांच्या ओळखीची.
गुणाकाराची फुली मात्र इथे चालत नाही,
फुलीला मशीन एक्स म्हणतं, अक्षर समजतं,
म्हणून आठाच्या डोक्यावरची चांदणी घ्यायची.
भागाकार तिरका,
भिंतीला टेकवून ठेवलेल्या वल्ह्यासारखा,
असं बोलून गेले, आणि वल्हं पाहिलंय कोणी, विचारलं,
तर एकट्या निकेशने हात वर केला,
तोही अर्धा.

तेवढ्यात त्याचे आजोबा आले, आत्माराम मढवी.
एक तारीख. भाडं.
पाकीट घेतलं, मोजलं नाही, कधीच मोजत नाहीत,
आणि पंख्याखालच्या शेवटच्या खुर्चीत बसले.

मी लिहिलं: २५ / २

"साडेबारा," मागून आवाज आला.
पावकी, निमकी, पाऊणकी छडीखाली पाठ केलेला आवाज.
मशीन मागाहून म्हणालं: १२.

काका, दोन्हीकडे पूर्णांक आहेत ना,
मग उत्तरही पूर्णच येतं.
वरचा तुकडा ते टाकून देतं.
"कुठं टाकतं?"
कुठेच नाही. नुसतं टाकतं.
"आनि चूक झाली बोलत नाय?"
नाही. लाल रेघ नाही, टूंऽऽ नाही,
प्रोग्राम आपला पुढे चालू.

"मना म्हायती हाय ह्यो हिशोब.
साडेबारा टक्के देतो बोलले.
त्यातनं पावनेचार कापले, शाला, रस्ते, बगीचे.
र्‍हायले पावनेनऊ.
मंग आमी चार भाव, दोन बहिनी.
मंग बिल्डर."
अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता,
शेवटच्या पेरावर थांबला.
म्हणजे ही खोली.

तुकडा ठेवायचाच असेल तर? निकेशने विचारलं.
टिंब द्यायचं. दोन, टिंब, शून्य.
"एवढंच?"
एवढंच. पण भागायच्या आधी.
उत्तर आल्यावर टिंब दिलंस
तर बारा टिंब शून्य मिळेल, गेलेला अर्धा नाही.
निकेशने ते वहीत उतरवून घेतलं.
आजोबा खिडकीबाहेर बघत होते,
समोरच्या टॉवरच्या वाळत घातलेल्या चादरींकडे.

मग मी पाचवं चिन्ह काढलं,
दोन शून्यं आणि मधे तीच तिरकी रेघ.

"टक्के!"
खुर्चीतून जवळजवळ उठलेच.

नाही काका. इथे ह्याला बाकी म्हणतात.
भाग जाऊन खाली जे उरतं, ते.
मशीन ते फेकत नाही खरं तर,
फक्त वेगळं विचारावं लागतं.

२५ % २
१

बराच वेळ ते त्या एकाकडे बघत राहिले.
खाली टाइल कापायचं यंत्र सुरू झालं,
त्यामुळे ते पुढे काय म्हणाले मला नीट कळलं नाही.
शेताचं नाव असावं, किंवा खाजणाचं.
निकेशने मान हलवली,
त्यालाही ते पाहिलेलं नाही.

फळा मी पुसला नाही, सातच्या बॅचला कंस घ्यायचे होते.
दारात चपला घालताना त्यांनी विचारलं,
"बाकी काय, मॅडम?"
काही नाही, म्हटलं. बाकी ठीक.

मग आठवण झाली म्हणून परत आले,
पावतीवर सही केली,
सहीखाली रेघ,
रेघेखाली दोन टिंबं, नेहमीसारखी.